लेबलाशिवाय शार्डोने

निघण्याआधी दोन गोष्टी ठरवून घ्या. बरोबर फक्त एक रिकामा ग्लास घ्यायचा आणि वाटेत कुठेही, कुणीही काहीही ओतलं तरी आधी लेबल वाचायचं नाही. प्रवास जवळजवळ दोनशे वर्षांचा आहे आणि त्याच्या शेवटी परीक्षा आहे. तुमच्यापुढे पाच ग्लास ठेवले जातील. पाचही ग्लासांत शार्डोने या एकाच जातीच्या द्राक्षाची पांढरी वाइन असेल, पण बागा जगाच्या वेगवेगळ्या कोपऱ्यांतल्या असतील. कुठला ग्लास कुठला, ते तुम्ही सांगायचं.

परीक्षेसाठी शार्डोनेच का, हेही आत्ताच समजून घ्या. मस्कतचं द्राक्ष कुठल्याही मातीत लावलं तरी आपला सुगंध सोडत नाही, ते डोळे मिटून ओळखता येतं. शार्डोनेचा स्वतःचा वास फारच सौम्य. ते तांदळासारखं आहे: मूळ चव हलकी, म्हणून पाणी, भांडं आणि आच यांतला प्रत्येक फरक भातात कळतो. शार्डोनेच्या घोटात थंडी कळते, चुनखडी कळते, ओकचं पिंप कळतं आणि ते करणाऱ्या माणसाचा हातही कळतो. मात्र हे कळायला त्या त्या जागी उभं राहावं लागतं. चला.

१८३१ : बर्गंडी

हिवाळा तोंडावर आला आहे. फ्रान्सच्या बर्गंडी प्रांतातल्या उतारावर तुम्ही उभे आहात. वेलींची पानं गळून गेली आहेत, उरल्या आहेत फक्त तपकिरी काड्या. शेजारी एक तरुण ब्रिटिश माणूस वही काढून बागायतदाराला प्रश्न विचारतो आहे. माती कसली, छाटणी कधी, दोन वेलींत अंतर किती, वाइन किती दिवस आंबवता. त्याचं नाव जेम्स बझ्बी. काही वर्षं तो सिडनीजवळच्या अनाथ मुलांच्या शाळेत द्राक्षशेती शिकवत होता. आता स्पेन आणि फ्रान्समधले द्राक्षमळे पायाखाली घालून तो ऑस्ट्रेलियासाठी काड्या गोळा करतो आहे. माँपेल्येच्या वनस्पती उद्यानाने त्याला ४००हून अधिक जाती दिल्या आहेत, पॅरिसच्या लक्झेंबर्ग बागेतून आणखी शंभरावर मिळतील.

एक काडी हातात घ्या. ही कुठल्या जातीची? सांगता येत नाही. पान असतं तर देठाजवळ पाहिलं असतं. शार्डोनेच्या पानाला देठ जिथे जुळतो, तिथल्या खाचेच्या कडेला शीर उघडी पडलेली असते, पानाचा हिरवा भाग तिथे तुटलेला असतो. जाणकार माळी ही खूण लगेच टिपतो. पण पानगळीत सगळ्या काड्या एकसारख्या दिसतात. बझ्बी प्रत्येक जुडीला नाव लिहून बांधतो, कारण हे नाव हरवलं तर परत शोधायला किती कष्ट पडतील, हे त्याला पुरतं माहीत आहे.

परतायच्या आधी वायव्येला शाब्लीच्या टेकडीवर या. पायाखालची माती करडी, चुनखडीची आहे. ढेकूळ फोडलं तर आत लहान लहान शिंपल्यांचे ठसे दिसतात. कोट्यवधी वर्षांपूर्वी इथे समुद्र होता. ग्लास पुढे करा. जुन्या पिंपातली वाइन आहे, त्यामुळे लाकडाचा वास असा नाहीच. हिरवं सफरचंद, लिंबाची साल, ओल्या दगडाची आठवण करून देणारं काहीतरी, आणि जिभेच्या दोन्ही कडांना पाणी सुटेल असा धारदार आंबटपणा. थंड प्रदेशात द्राक्ष सावकाश पिकतं, साखर बेताची राहते आणि आम्ल मण्यातच टिकून राहतं. पहिली खूण मनात नोंदवून ठेवा.

बझ्बीच्या पेट्या जहाजावर चढतात. सिडनीच्या वनस्पती उद्यानात ३६० च्या आसपास जाती जिवंत पोचतात. दुसरा संच उत्तरेला हंटर खोऱ्यात, कर्कटन इथल्या त्याच्या कुटुंबाच्या मळ्यात जातो. या संग्रहात शार्डोने होती असं मानलं जातं. पुढे सिडनीतल्या संग्रहाची आबाळ होते. काड्या हातोहात मळ्यामळ्यांत पसरतात आणि जुड्यांवरची नावं वाटेत गळून पडतात.

१९०८ आणि पुढे : पोकोल्बिन

हंटर खोऱ्यातलं पोकोल्बिन. दिवस उन्हाळ्याचा, पण दुपारी समुद्राकडून ढग सरकत येतात आणि ऊन मवाळ होतं. तुमचे पाय वाळूत रुततात. हा जुन्या ओढ्याकाठचा सपाट, रेताड तुकडा आहे. हंटर व्हॅली डिस्टिलरी कंपनीचा हा मळा, लोक त्याला एचव्हीडी म्हणतात. १९०८ मध्ये इथे लावलेल्या वेलींत शार्डोने आहे. स्वतःच्याच मुळांवर उभ्या असलेल्या या वेली जगातल्या सर्वांत जुन्या शार्डोने वेलींत मोजल्या जातील. आज मात्र त्यांचं कुणाला अप्रूप नाही. घड काढतात, इतर पांढऱ्या द्राक्षांत मिसळतात आणि गाडी पुढे जाते.

इथून १९५० च्या दशकातल्या सिडनीच्या एखाद्या दुकानात डोकावा. या काळात ऑस्ट्रेलियात होणारी बहुतेक वाइन पोर्ट आणि शेरीच्या वळणाची, गोड आणि कडक. जेवणाबरोबर घ्यायच्या पांढऱ्या वाइनचं फळीवर एक लहानसं टोक. एवढ्यापुरता प्रवासाचा नियम मोडा आणि लेबलं वाचा. एकावर शाब्ली, दुसऱ्यावर व्हाइट बर्गंडी, तिसऱ्यावर हंटर रिव्हर रिझलिंग. तिन्ही उघडून चाखल्या तर तिन्हींत हंटरचं सेमिलॉन हे एकच द्राक्ष निघू शकतं. जरा लवकर तोडलं तर शाब्ली, जरा पिकू दिलं तर बर्गंडी. फसवणूक करायचा हेतू नव्हता, ती त्या काळची रीत होती. पण ज्याने आयुष्यभर ही लेबलं वाचून वाइन घेतली, त्याच्या जिभेला शाब्ली म्हणजे काय हे कसं कळणार? आणि खरी शार्डोने त्याच खोऱ्यात निनावी वाढत होती.

गोंधळ फक्त हंटरचा नव्हता. १९७६ मध्ये माँपेल्येहून पॉल त्रुएल हा द्राक्षजातींचा अभ्यासक ऑस्ट्रेलियात येईल आणि पानं तपासत मळ्यांतून फिरेल. दक्षिण ऑस्ट्रेलियात पिढ्यान्‌पिढ्या क्लेअर रिझलिंग म्हणून विकलं गेलेलं द्राक्ष प्रत्यक्षात क्रुशेन आहे, हे तो दाखवून देईल. खुद्द शार्डोनेच्या आईबापांचा पत्ता तर त्याहून उशिरा, १९९९ मध्ये लागेल. कॅलिफोर्नियातल्या कॅरल मेरेडिथ आणि त्यांचे सहकारी डीएनए तपासून सांगतील की शार्डोने ही पिनो आणि ग्वे ब्लाँ या दोन जातींची संतती आहे. ग्वे ही गरीब शेतकऱ्यांची, फ्रान्समध्ये हलकी मानून उपटून टाकलेली जात. तिच्या जुन्या वेली व्हिक्टोरिया राज्यातल्या रदरग्लेनच्या मळ्यात शिल्लक आहेत. नामांकित मुलाची विसरलेली आई परक्या खंडात टिकून राहिली.

१९६० च्या दशकाची अखेर : काटेरी कुंपण

जून ते ऑगस्ट हा इथला हिवाळा, म्हणजे छाटणीचा काळ. रात्र आहे. तुम्ही पोकोल्बिनमध्येच आहात, पण एचव्हीडी मळा आता पेनफोल्ड्स या बड्या कंपनीच्या ताब्यात आहे. कुंपणापलीकडे छाटलेल्या काड्या पडल्या आहेत. शेजारच्या मळ्याचा मालक मरी टायरेल काटेरी तार ओलांडून आत उतरतो, काड्यांची मोळी बांधतो आणि आल्या वाटेने परत जातो. १८५८ पासून या खोऱ्यात वाइन करणाऱ्या टायरेल घराण्यात ही गोष्ट आजही सांगितली जाते.

नाशिक-सांगलीच्या बागायतदाराला या मोळीचं मोल वेगळं समजावून द्यायला नको. एका काडीवर चार डोळे असतात, प्रत्येक डोळ्यात एक वेल असते आणि पाच वर्षांत त्या वेलींतून बाग उभी राहते. मरी टायरेल बर्गंडीच्या पांढऱ्या वाइनच्या प्रेमात होता. त्या वाइन ज्या द्राक्षाच्या, ते द्राक्ष आपल्या कुंपणापलीकडे निनावी उभं आहे, हे त्याने ओळखलं. इतरांच्या डोळ्यांसमोर ती वेल साठ वर्षं होतीच. त्याच्यापाशी वेगळं एवढंच होतं की त्याने उत्तम बर्गंडी लक्ष देऊन चाखली होती. कशाच्या शोधात आहोत हे त्याच्या जिभेला माहीत होतं.

१९७१ मध्ये त्याची पहिली बाटली येते: व्हॅट ४७, पिनो शार्डोने. त्याच वर्षी डोंगरापलीकडे मजी गावच्या क्रेगमूर वायनरीतही शार्डोने नाव मिरवणारी वाइन होते. ऑस्ट्रेलियात या जातीच्या नावाने वाइन विकली जायला इथून सुरुवात झाली. टायरेलच्या मातीच्या जमिनीच्या तळघरात ग्लास पुढे करा. दोन वर्षांनंतरच्या वाइनमध्ये फ्रान्सहून आलेल्या नव्या ओक पिंपांचा वास लागेल, या पहिलीत तो नाही. पांढरं पीच, थोडं खरबूज, मध्यम अंगाची, आंबटपणा आहे पण शाब्लीइतका टोकदार नाही. ऊन भरपूर असलं तरी इथे पावसाच्या धास्तीने तोडणी लवकर, जानेवारी-फेब्रुवारीतच उरकावी लागते. त्यामुळे वाइन जड होत नाही. दुसरी खूण.

१९७६ नंतरची एक दुपार : बुलेटिन प्लेस

सिडनीच्या बंदराजवळची जुनी दगडी इमारत. लांब टेबल, शुभ्र कापड, प्रत्येकापुढे ग्लासांची ओळ. यजमान लेन एव्हान्स. जन्म इंग्लंडमधला, १९५५ मध्ये ऑस्ट्रेलियात आला, हॉटेलात नोकरी केली, मग मासिकांत वाइनवर लिहू लागला. १९६९ पासून या जागेत त्याचं दुकान आणि जेवणघर आहे. सबंध देशाला टेबलवाइनची गोडी लावायला या एका माणसाने जितकं केलं तितकं क्वचितच कुणी केलं असेल. माणूस आयुष्यात जितकी वाइन पिऊ शकतो तिला मर्यादा आहे, तेव्हा वाईट वाइन पिण्यात त्यातला एकही ग्लास घालवू नये, असं त्याचं मत होतं. इथल्या टेबलावर मात्र चांगली वाइन नुसती पिऊन भागत नाही. ती ओळखावी लागते.

वाइन काचेच्या भांड्यातून येते, बाटली दिसत नाही. खेळाचं नाव ऑप्शन्स, म्हणजे पर्याय. तो एव्हान्सनेच रचला. नियम साधा. यजमान प्रश्न विचारतो आणि तीन उत्तरं समोर ठेवतो. तुम्ही एक निवडता. उत्तर बरोबर आलं तर पुढच्या प्रश्नाला तुम्ही आहात.

पहिला प्रश्न: सेमिलॉन, रिझलिंग की शार्डोने? तुम्ही नाक ग्लासात घालता. रिझलिंगचा फुलासारखा, लिंबाच्या पानासारखा वास नाही. सेमिलॉनपेक्षा अंग भरलेलं आहे. शार्डोने. दुसरा: फ्रान्स, कॅलिफोर्निया की ऑस्ट्रेलिया? आता गाडी अडते. २४ मे १९७६ रोजी पॅरिसमध्ये स्टीव्हन स्परिअर या ब्रिटिश व्यापाऱ्याने बाटल्या झाकून फ्रेंच परीक्षकांपुढे वाइन ठेवल्या. पांढऱ्यांत पहिली आली कॅलिफोर्नियाच्या शातो माँटेलेनाची १९७३ ची शार्डोने, बर्गंडीच्या नामवंत मळ्यांना मागे टाकून. नाव झाकलं की जन्मभर वाइन पिणाऱ्या फ्रेंचांचीही चूक होते, हे या टेबलावरच्या प्रत्येकाने वर्तमानपत्रात वाचलेलं आहे. म्हणून कुणी घाईने हात वर करत नाही. तुम्ही फळाचा पिकलेपणा पाहता, आंबटपणा पाहता, टायरेलच्या तळघरातला पीचचा वास आठवता. ऑस्ट्रेलिया. तिसरा: हंटर, मजी की बरोसा? चौथा: कुठल्या सालाची?

खेळाची खोली पर्यायांत आहे. यजमान तीन उत्तरं अशी निवडतो की प्रत्येकामागे एक खरा प्रश्न असतो. आंबटपणा किती, पिंप नवं की जुनं, वय किती, ऊन किती. ज्याला काहीच माहीत नाही तोही तीनातून एक निवडून खेळात राहतो. खूप माहीत असलेला एका निसटत्या वासामुळे बाहेर पडतो. आणि बाटलीवरचं कापड निघालं की दोघंही पुन्हा ग्लास उचलतात, कारण आता नावाला वास जोडायचा असतो. विद्या इथे लागते, त्या दुसऱ्या घोटात.

१९८० चं दशक : मार्गरेट रिव्हर

खंडाच्या दुसऱ्या टोकाला, नैऋत्य कोपऱ्यात या. समोर हिंदी महासागर. कोकणच्या किनाऱ्याला लागणारं पाणी याच महासागराचं. समुद्रावरून अखंड वारा येतो, उन्हाळ्यात तो थंडावा आणतो आणि हिवाळा फार कडक होऊ देत नाही. १९६० च्या दशकाच्या मध्यावर जॉन ग्लॅडस्टोन्स या शेतीशास्त्रज्ञाने हवामान तपासून हा भाग द्राक्षांना योग्य असल्याचं लिहिलं, तोवर इथे गुरं चरत होती. १९७२ मध्ये कॅलिफोर्नियाचा प्रख्यात वाइन उत्पादक रॉबर्ट मोंडावी जमीन शोधत आला आणि डेनिस व ट्रिशिया हॉर्गन यांच्या कुरणापाशी थांबला. तिथे लीविन इस्टेट उभी राहिली.

फुलोऱ्याच्या दिवसांत, म्हणजे ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, वाऱ्यात उभे राहा. वारा फुलं झोडपतो, मणी नीट धरत नाहीत. नंतर घड पाहाल तर मोठ्या मण्यांत बारीक, बिनबियांचे मणी अडकलेले दिसतील. आपल्याकडे खाण्याच्या द्राक्षात असा घड निघाला तर व्यापारी बाजूला काढेल. इथले लोक याला कोंबडी आणि पिल्लं म्हणतात आणि जपतात. इथे लावलेला शार्डोनेचा जिनजिन प्रकार कॅलिफोर्नियातून १९५७ च्या सुमारास पश्चिम ऑस्ट्रेलियात आला आणि अशा घडांची खोड त्याच्या अंगातच आहे. बारीक मण्यांत रसाच्या मानाने साल जास्त. वजन घटतं, चव दाटते.

मळ्याच्या कडेला मारी नावाची झाडं आहेत. ती फुलली की पक्षी त्यांच्या मधाकडे वळतात, न फुलली तर द्राक्षांवर धाड पडते. म्हणून बागायतदार आधी मारीकडे पाहतो, मग वेलींवर टाकायच्या जाळ्या बाहेर काढतो.

आता ग्लास. १९८१ सालची लीविन. लंडनच्या डिकँटर मासिकाने घेतलेल्या आंतरराष्ट्रीय चाचणीत हिला सर्वोच्च शिफारस मिळाली. नाकाला पेअर, द्राक्षफळ म्हणजे ग्रेपफ्रूट आणि भाजक्या काजूची झाक. तोंडात भरीव, पण मधोमध ताठ आंबटपणा, आणि चव गिळल्यावरही बराच वेळ राहते. दाटपणा आणि आंबटपणा एकाच ग्लासात. तिसरी खूण, आणि बहुतेक सर्वांत महत्त्वाची.

१९९० चं दशक आणि २००१ : लोणी आणि शिस्त

आता झपाट्याने पुढे. लंडनच्या सुपरमार्केटमध्ये ऑस्ट्रेलियाच्या शार्डोनेचे ढीग आहेत. बाटलीतलं ऊन म्हणून लोक तिच्यावर खूश आहेत. ग्लास घ्या: अननस, लोणी, व्हॅनिला, भाजक्या पावासारखा ओक. लोण्याचा वास कुठून येतो? वाइनमधलं सफरचंदाचं कडक मॅलिक आम्ल जिवाणूंमुळे मऊ लॅक्टिक आम्लात बदलतं, तेव्हा डायअसेटिल नावाचं संयुग तयार होतं. व्हॅनिला आणि नारळ येतात ओकच्या लाकडातून. थोडं असलं तर वाइनला खोली येते, जास्त झालं की जमीन झाकली जाते. थोड्याच वर्षांत लोक कंटाळतात आणि शार्डोने सोडून काहीही चालेल म्हणू लागतात.

ऑस्ट्रेलियाच्या उत्पादकांनी हा कौल मनावर घेतला. थंड डोंगराळ भागांत मळे लावायला आधीच सुरुवात झाली होती. वाइन उत्पादक ब्रायन क्रोझर १९७९ मध्येच ॲडलेडजवळच्या डोंगरांत पिकॅडिली खोऱ्यात शार्डोने लावून बसला होता. पेनफोल्ड्सने अनेक वर्षांच्या प्रयोगांनंतर १९९५ सालची यात्तार्ना १९९८ मध्ये बाजारात आणली. यारा खोरं, मॉर्निंग्टन द्वीपकल्प, टास्मानिया या नावांना वजन आलं. तोडणी लवकर, नवा ओक कमी, आणि नाकाला नुकत्याच विझलेल्या काडेपेटीच्या काडीचा हलका वास. हाही मुद्दाम राखलेला वास आहे, गंधकाच्या संयुगांचा.

हे वळण घ्यायला शिकलेल्या जिभा लागल्या. ॲडलेडमध्ये १९५५ पासून ऑस्ट्रेलियन वाइन संशोधन संस्था आहे. परीक्षक घडवण्याचा तिचा अभ्यासक्रम चालतो, त्या खोलीत पाच मिनिटं बसा. एकच वाइन वेगळ्या क्रमांकाने पुन्हा समोर येते आणि तुमचे दोन वेळचे गुण ताडून पाहिले जातात. सकाळी ९० गुण दिलेल्या वाइनला दुपारी ८२ दिलेत तर चूक वाइनची नाही. आणि २००१ मध्ये हंटर खोऱ्यात लेन एव्हान्सच्या नावाने एक वर्ग सुरू होतो. दरवर्षी १२ विद्यार्थी, ५ दिवस, जगातल्या थोर वाइन, सगळ्या झाकलेल्या. २००६ मध्ये एव्हान्स गेला, वर्ग पुढे चालू राहिला.

त्याच २००१ मध्ये महाराष्ट्र सरकारने द्राक्ष प्रक्रिया उद्योग धोरण जाहीर केलं आणि नाशिक, सांगली, सोलापूरकडे वायनऱ्यांना बळ मिळालं. एकाच वर्षातल्या या दोन घटना शेजारी ठेवून पाहा. एकीने बागा आणि कारखाने वाढवले, दुसरीने चव ओळखणारी माणसं. उद्योगाला दोन्ही लागतात.

आज : वेंटवर्थव्हिल

सिडनीचं पश्चिम उपनगर. जवळच्या स्मिथफील्डमध्ये कालुना नावाचा मळा होता. जुन्या शार्डोनेच्या काड्या तिथून मजीला गेल्या. आज तिथे रस्ते आणि घरं आहेत. वेंटवर्थव्हिलमध्ये मराठी कुटुंबं पुष्कळ. रविवारची दुपार आहे, स्वयंपाकघरातून पापलेट तळल्याचा वास येतो आहे. टेबलावर तपकिरी कागदी पिशव्यांत पाच बाटल्या, वर मार्करने आकडे.

"दादा, तुम्ही लांबून आलात, तुम्हीच सुरुवात करा," यजमान काकू म्हणतात.

पहिला ग्लास. रंग फिकट, वास जवळपास नाहीच, मग ओला दगड आणि लिंबाची साल. तोंडात धार. पर्याय येतात: शाब्ली, यारा, टास्मानिया. यारात काडेपेटीचा वास मिळाला असता, टास्मानियात फळ जरा पुढे असतं. शाब्ली. बरोबर.

दुसरा. सोनेरी, लोणी, व्हॅनिला, जड अंग, गिळताना किंचित ऊब. ऊब म्हणजे अल्कोहोल जास्त, अल्कोहोल जास्त म्हणजे साखर जास्त, म्हणजे ऊन भरपूर. कॅलिफोर्नियाचं नापा, न्यूझीलंड की शाब्ली? नापा. बरोबर.

तिसरा. पेअर, ग्रेपफ्रूट, दाट तरी ताठ. समुद्रावरचा वारा आणि बारीक मण्यांचे घड आठवतात. मार्गरेट रिव्हर. काका मान डोलवतात.

चौथा आणि पाचवा काकू एकदम पुढे ठेवतात. "या दोन्ही जानेवारी-फेब्रुवारीत तोडलेल्या द्राक्षांच्या. एक हंटरची, दुसरी उत्तर गोलार्धातली. ती कुठली, आणि कुठला ग्लास कुठला?"

तुम्ही थबकता. ऑस्ट्रेलियात तो भर उन्हाळा. उत्तर गोलार्धात फेब्रुवारीत द्राक्ष कुठे तोडतात? युरोप, कॅलिफोर्निया, सगळीकडे तोडणी ऑगस्ट ते ऑक्टोबर. मग डोक्यात प्रकाश पडतो. आपल्याकडे! एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये फळछाटणी, आणि थंडी ओसरताना तोडणी. वेलीला हिवाळी झोप मिळत नाही, म्हणून बागायतदार कात्रीने तिचं वर्ष ठरवतो. पाचवी बाटली महाराष्ट्राची असणार. सोलापूर जिल्ह्यात अकलूजचं मोहिते-पाटील कुटुंब, दिल्लीचे सेखरी बंधू आणि इटलीचे सेच्ची बंधू यांनी मिळून उभारलेली फ्रॅटेली ही वायनरी शार्डोने पिकवते.

देश सापडला, पण ग्लास? दोन्हींत पिकलेलं पीच. दोन्हींत उन्हाची गोलाई. तुम्ही पुन्हा वास घेता, थांबता, चौथ्याला अकलूज म्हणता. काकू पिशव्या काढतात. चौथी हंटर, पाचवी अकलूज.

"परत घ्या आता दोन्ही, नाव वाचून," काका सांगतात. तुम्ही घेता. आता फरक दिसतो: हंटरच्या घोटात शेवटी लिंबाची रेघ राहते, अकलूजचा आंबटपणा मऊ आहे, तो पापलेटाबरोबर जास्त जुळतो. पुढच्या वेळी ही चूक होणार नाही.

आणि यातून मोठी गोष्ट हाती लागते. ऑस्ट्रेलियाच्या हातात ही वेल सव्वाशे वर्षांहून अधिक काळ होती. तिला जगात मान मिळाला तो गेल्या पन्नास वर्षांत, बाटली झाकून, खरंखुरं विचारून आणि मिळालेला कौल मान्य करून. आज ती तिथलं सर्वांत जास्त लावलेलं पांढरं द्राक्ष आहे. आपल्या नाशिक-सोलापूरच्या वाइनला याच न्यायाची गरज आहे. देशी आहे म्हणून कौतुक नको आणि देशी आहे म्हणून नाकं मुरडणंही नको. चार मित्र जमवा, चार बाटल्या कागदात गुंडाळा, त्यांतली एक महाराष्ट्राची ठेवा आणि तीन तीन पर्याय विचारा. हवी तितकी उत्तरं चुकू द्या. लेबल वाचून केलेल्या स्तुतीने अकलूजचा बागायतदार सुधारणार नाही. झाकलेल्या बाटलीला दिलेला प्रामाणिक कौल मात्र पुढच्या छाटणीच्या वेळी त्याच्या उपयोगी पडेल.